कालव्याच्या आणि नदीच्या काठाने धावायचा मार्ग कसा आखावा: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक भागासाठी

काठाने धावायला निघालेल्यांची फसगत बहुतेक एकाच पद्धतीने होते. दहा किलोमीटर ठरवलेले असतात, पाचवर वळायचं असतं आणि साडेतीनवर वाट संपते. पुढे ओढा आडवा येतो, उसाचा फड थेट पाण्यापर्यंत आलेला असतो किंवा बंधारा पाण्याखाली असतो. मग कुणी उसातून वाट काढतो, कुणी पलीकडच्या काठाला जायला पाण्यात उतरतो. अपघात होतात ते इथे, धावताना नव्हे.

रस्त्यावर अंतर ठरवून धावता येतं. काठावर आधी बाहेर पडायच्या जागा ठरवाव्या लागतात, कारण एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी उभं पीक असतं. काठ सोडायचा तर पूल लागतो, घाट लागतो किंवा पाणंद लागते. म्हणून इथे मार्गाचं माप किलोमीटरमध्ये धरू नका. कालव्यावर पूल ते पूल आणि नदीवर घाट ते घाट असं मोजा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम बदलला, विशेषतः पाहणी न करता थेट धावायला गेलात, तर बाकीची तयारी वाया जाते.

टप्पा १: आधी पाणी निवडा

या भागातल्या नद्या साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, पण त्यांचे काठ एकसारखे नाहीत.

खानापूर बाजूला मलप्रभेचा काठ लाल मातीचा, झाडीचा आणि सावलीचा. जांभ्याची बारीक खडी पायाखाली घरंगळते, उतारावर जास्तच. पाऊस इथे बेळगाव शहरापेक्षा बराच जास्त पडतो आणि दगडांवरचं शेवाळ दिवाळीपर्यंत टिकतं. कणकुंबी बाजूला जसजसं वर जाल तसतसं जंगल दाट होत जातं. गवे आणि अस्वलं त्या बाजूला आहेत, भीमगड अभयारण्यही तिकडेच. पहाटेच्या अंधारात धावण्याचा तो मुलूख नव्हे.

दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेचा पट्टा, म्हणजे निपाणी, सदलगा, कारदगा, भोज, मांजरी, येडूर, अंकली ही बाजू, काळ्या मातीची आहे. वाट रुंद आणि सपाट असते, पण पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस चिखल बुटाला चिकटून प्रत्येक पाय जड होतो. तो वाळला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. घोटा मुरगळण्याची या पट्ट्यातली मुख्य जागा हीच. कृष्णेत मगरी आहेत. काठाने धावायला त्याने अडत नाही, मात्र गुडघाभर पाण्यात उतरून तोंड धुण्याची सवय सोडा.

घटप्रभेचे कालवे हा तिसरा प्रकार. धुपदाळच्या बंधाऱ्यापासून निघणारा डावा कालवा शंभर किलोमीटरहून लांब आहे. कालव्याची वाट मुरमाची, जवळजवळ सपाट आणि मोकळी असते. नवख्याने सुरुवात कालव्यावर करावी, नदीवर नव्हे. दिसायला नदी कितीही सुंदर असली तरी काठाची वाट सलग मिळते ती कालव्यालाच.

बेळगावकरांना जवळचा पर्याय म्हणून मार्कंडेय नदीच्या बाजूचे गावरस्ते सुचतात. ते वापरा, फक्त राकसकोप तलावाच्या बांधावर शिरू नका. तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांची भिंत व दारं हीसुद्धा परवानगीशिवाय जाण्याची ठिकाणं नव्हेत.

टप्पा २: नकाशावर पूल मोजा, वाट नव्हे

उपग्रहाच्या नकाशावर कालव्याशेजारी फिकट रेघ दिसते आणि ती सलग वाटते. ती तशी नसते. नकाशा मोठा करून पुढच्या गोष्टी एकेक शोधा आणि खूण करा.

पहिली खूण पुलांची. गावरस्त्याचा पूल आणि शेतकऱ्यांचा अरुंद पूल वेगळे लिहा. गावरस्त्याच्या पुलावर रिक्षा किंवा रुग्णवाहिका येऊ शकते. शेतातल्या पुलावरून तुम्ही पलीकडे जाल, पण पुढे पाणंद गावाला लागते की मळ्यात संपते हे पाहणीतच कळतं.

दुसरी खूण ओढ्यांची. कालवा ओढा ओलांडतो तेव्हा बहुधा जलसेतूवरून, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून जातो किंवा ओढ्याखालून नळाने जातो. पाणी सरळ पुढे जातं, सोबतची वाट मात्र तशी जात नाही. ती खाली ओढ्यात उतरते, पात्र ओलांडते आणि पुन्हा वर चढते. उन्हाळ्यात हे दोन मिनिटांचं काम. ऑगस्टमध्ये तिथे कमरेएवढं पाणी असू शकतं. जलसेतूच्या कठड्यावरून चालत पलीकडे जाणारे लोक दिसतील. त्यांचं पाहून तुम्ही जाऊ नका. कठडा हातभर रुंद असतो आणि एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल पात्र असतं.

तिसरी खूण वाट कोणत्या काठाला आहे याची. गाडी जाईल अशी तपासणीची वाट बहुधा एकाच काठाला असते. दुसऱ्या काठाला नुसता मातीचा बांध, त्यावर वेडी बाभूळ आणि घाणेरी. काही ठिकाणी वाट मध्येच पुलावरून काठ बदलते. ती जागा चुकली की तुम्ही काट्यांच्या बाजूला अडकता.

आता नदीचा नकाशा. नदीला सलग काठवाट जवळपास कुठेच नाही. दर थोड्या अंतरावर ओढ्याचं तोंड, खचलेली दरड, नाहीतर पाण्यापर्यंत उतरलेलं रान. जी वाट दिसते ती असते जॅकवेलकडे (पाणी उपसायच्या विहिरीकडे) किंवा मोटरघराकडे जाणारी, आणि तिथेच संपणारी. म्हणून नदीचा मार्ग घाटापासून पाणंदीने गावात, गावातून पुढच्या घाटाकडे, असा टाके घातल्यासारखा जोडावा लागतो. खानापूर ते असोगा हे त्याचं सोपं उदाहरण. तीन-चार किलोमीटरच्या रस्त्याने मलप्रभेकाठच्या रामलिंगेश्वर मंदिरापर्यंत जायचं, नदी पाहायची आणि त्याच रस्त्याने परतायचं. नदीकाठी पहिल्यांदा धावणाऱ्याने एवढ्यावरच थांबलेलं बरं.

तपासा: सगळ्या खुणा झाल्यावर दोन पुलांमधलं सर्वांत मोठं अंतर काढा. ते अडीच किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर त्या तुकड्यावर एकट्याने जायचं नाही. अंतर काढताना वाकणांसकट मोजा. कालवा जमिनीच्या उंचसखलपणाला धरून वळत जातो, त्यामुळे रस्त्याने शेजारी असलेली दोन गावं कालव्याने दुप्पट दूर असू शकतात. हीच गोष्ट कधी कधी फायद्याचीही असते. मधल्या वाकणावरून पाणंदीने गाव अगदी जवळ पडतं. अशा पाणंदीही खुणेत घ्या.

टप्पा ३: पाण्याची आणि उसाची चौकशी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात.

कालव्याला पाणी पाळीने सोडतात. कोरडा कालवा आठवडाभर पाहिला म्हणून पुढच्या रविवारी तो कोरडा असेल असं नाही. पाणी नवीन सोडलं की काठाच्या बाहेरच्या पायथ्याला पाझर फुटतो, मुरूम भुसभुशीत होतो आणि वाटेवर खड्डे पडतात. त्याआधी बऱ्याचदा जेसीबीने गाळ काढतात आणि तो वाटेवरच टाकतात. अशा वेळी अख्खा काठ महिनाभर ढिगांनी भरलेला असतो. कालव्याचं काम कर्नाटक नीरावरी निगमच्या कार्यालयाकडे असतं, पण रोजची खबर हवी तर दारं सांभाळणारा माणूस किंवा पुलाजवळचा चहावाला बरा. चिकोडी, हुक्केरी, गोकाक बाजूला बऱ्याच जणांना मराठी समजतं. समजत नसेल तर ‘नीर बिट्टारेनरी?’ म्हणजे पाणी सोडलंय का, आणि ‘मुंद दारी ऐतेनरी?’ म्हणजे पुढे वाट आहे का, एवढ्या दोन प्रश्नांवर काम भागतं.

नदीची चौकशी आकाशाकडे बघून होत नाही. दूधगंगेचं पाणी काळम्मावाडी धरणावर अवलंबून, वेदगंगेचं पाटगाववर, कृष्णेचं कोयनेच्या विसर्गावर. ही सगळी धरणं महाराष्ट्रात आहेत. निपाणीत ऊन पडलेलं असतं आणि वर घाटमाथ्यावरच्या पावसाने नदी फुगत असते. घटप्रभेला हिडकलचं पाणी येतं, सौंदत्ती-रामदुर्गकडच्या मलप्रभेला नविलुतीर्थचं. जून ते सप्टेंबर वर्तमानपत्रातली विसर्गाची बातमी वाचल्याशिवाय काठाला जाऊ नका. पाणी चढतं आहे एवढं कळलं तरी बेत रद्द करायला ते पुरे.

बंधाऱ्यांवर भरवसा ठेवून गोल मार्ग आखणं ही चूक तर दरवर्षी होते. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे बंधारे-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. पाणी उतरल्यावरही वर शेवाळ आणि गाळ राहतो. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या बाजूचं पाणी तुंबतं आणि तिथली पाण्यालगतची काठवाट बुडते. मे महिन्यात कोरडी पाहिलेली वाट डिसेंबरात पाण्याखाली सापडते ती त्यामुळे. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण अशा केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांच्या पट्ट्यात हिवाळ्यातलं पाणी वर आणि उन्हाळ्यातलं खाली असतं.

ऊस वाट बदलतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस असला की वारा लागत नाही, पुढचं वळण दिसत नाही आणि तुमचा आवाज कुणाला जात नाही. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळप चालतं. तेव्हा रान मोकळं होतं, पण वाटेवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. पहाटे अंधारातच भरून निघालेले असतात, मागे दिवे नसतात आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर आलेली असतात. पाचट पेटवलेल्या दिवशी धूर सकाळी खाली बसून राहतो. धूर दिसला की परतायचं, त्यातून पुढे जायचं नाही.

सगळं धरून चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर कालव्यावर ठीक. मार्चनंतर अथणी, रायबाग बाजूचं ऊन बेळगावच्या अंदाजाने मोजू नका. तिकडे सकाळी साडेआठलाच डोकं तापतं. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो, म्हणून संध्याकाळची धाव त्या महिन्यात काठावर नकोच. वीज कडाडताना कालव्याच्या भरावावर उभा माणूस हाच आजूबाजूच्या रानातला उंच खांब असतो.

टप्पा ४: पाहणी, सायकलने किंवा चालत

पाहणी उजेडात, धावण्याच्या आधीच्या आठ दिवसांत करा. मोटारसायकलने करू नका. मोटारसायकल जिथून जाते तिथले खड्डे, पाइप आणि कुत्री तुमच्या लक्षात येत नाहीत. सायकल उत्तम. परतताना निम्मं अंतर ती हातात धरून चाला.

पाहताना काय टिपायचं:

अ) पाइप आणि तारा. शेतकरी कालव्यातून, नदीतून पाणी उचलतात. त्यांचे पाइप वाटेवरून आडवे जातात. काही पुरलेले, काही नुसतेच टाकलेले, गवतात लपलेले. शेजारी मोटरची वायर आणि स्टार्टरची पेटी. पाइपवर पाय देऊन नव्हे, पाइप ओलांडून जायचं. वायरला तर ओल्या दिवशी जवळूनही जायचं नाही.

आ) वाटेचा पोत. गाडीच्या दोन चाकांच्या पट्ट्या आणि मध्ये गवत अशी वाट असते. धावायचं ते चाकाच्या पट्टीवर. गवताच्या पट्टीत खेकड्यांची, घुशींची बिळं आणि सापही असतात. चाकोरी किती खोल आहे ते बुटाने मोजा. बुटाचा तळ पूर्ण आत बसत असेल तर त्या तुकड्यावर चालायचं.

इ) कुत्री. मळ्यातली घरं आणि मेंढरं बसवलेले धनगरांचे तळ कुठे आहेत ते लिहा. मळ्यातलं कुत्रं आपल्या हद्दीपुरतं भुंकतं. तळावरचं कुत्रं कळपाच्या राखणीला असतं, ते पाठलाग करतं. तळ दरवर्षी, कधी आठवड्याला हलतो, म्हणून ही नोंद जुनी चालत नाही.

ई) मोहोळ. मोठ्या पुलाच्या खाली आणि उंच वडा-पिंपळावर आग्या मोहोळ असतात. मोहोळ दिसलं तर तो पूल वळण्याची जागा म्हणून धरू नका. तिथे थांबून घाम पुसणं, फोटोसाठी फ्लॅश मारणं, खाली विडी ओढणं यानेच माश्या उठतात.

उ) पायऱ्या. कालव्याला काँक्रीटचं अस्तर असेल तर आत उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत ते प्रत्येक पुलाच्या हिशेबाने लिहा. याचा उपयोग टप्पा ८ मध्ये कळेल.

ऊ) लोक. धुण्याचे घाट, बायकांचा पाणवठा, म्हशी उतरवण्याची जागा. त्या वेळा टाळा, नाहीतर तेवढा तुकडा गावातून जा. पहाटे काठावर अजूनही काही लोक परसाकडेला बसतात. हेडलॅम्पचा झोत झुडपांकडे न टाकता पायापुढे ठेवा.

शेताच्या कडेने जावं लागत असेल तर मालकाला एकदा विचारून ठेवा. ‘मामा, सकाळचं या बांधावरून पळत गेलो तर चालेल का?’ एवढंच. आधी विचारलेल्या माणसाला गावात सगळे ओळखतात आणि अडचणीत तीच ओळख कामी येते.

तपासा: पाहणीत वाट तुटलेली सापडली तर ‘त्या दिवशी बघू’ म्हणून पुढे ढकलू नका. मार्ग त्या आधीच्या पुलावर संपवा. छोटा मार्ग दोनदा धावता येतो.

टप्पा ५: वळण्याची जागा आणि दिशा

पहिल्या तीन-चार वेळा मार्ग जाऊन-येऊनच ठेवा, गोल नको. परतीची वाट तुम्ही नुकतीच पाहिलेली असते, आणि काठाचा आडवा उतार जाताना एका पायाला त्रास देतो तो येताना दुसऱ्याला देतो, म्हणजे हिशेब जुळतो. गोल मार्गात एकच घोटा, एकच गुडघा पूर्ण वेळ खालच्या बाजूला राहतो.

वळायचं ते पुलावर आणि वेळेवर. समजा नव्वद मिनिटं धावायचं आहे. चाळिसाव्या मिनिटाला जो पूल जवळ असेल तिथून मागे. मुरमावर डांबरापेक्षा किलोमीटरमागे अर्धा ते एक मिनिट जास्त धरा, काळ्या मातीवर आणखी. घड्याळातला वेग पाहून ओढत राहणारे परतीला थकतात आणि थकल्यावरच पाइपला अडखळतात.

दिशेचं सोपं आहे. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. सूर्य उगवण्याच्या जरा आधी पूर्वेकडे निघालात तर जाताना वारा समोर, परतताना पाठीशी, आणि वर आलेला सूर्यही पाठीशी. उलट केलंत तर परतीला तळपतं ऊन आणि पाण्यावरची झळाळी दोन्ही डोळ्यांत येतात, पाइप दिसत नाहीत. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा आधी पश्चिमेला निघा आणि परतीसाठी टोपीची पुढची कड डोळ्यांवर ओढा. जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या. अनोळखी काठावर उगवतीच्या वीस मिनिटांपेक्षा आधी पाय ठेवू नका. साप परतायची वेळ तीच असते.

कालव्याच्या सपाटीचा एक तोटा सांगायला हवा. चढ नाही, उतार नाही, त्यामुळे तेच स्नायू सारखे काम करतात आणि पोटऱ्या आखडतात. पंधरा मिनिटांनी एक मिनिट चाला. पुलाचा चढ मिळाला तर तो दोनदा चढून उतरा.

टप्पा ६: सामान

कमी न्या. तळाला तीन-चार मिलिमीटरच्या खाचा असलेले बूट मुरमाला पुरतात. ओल्या काळ्या मातीला कुठलेच बूट पुरत नाहीत. तासाभराला अर्धा लिटर पाणी, मार्चनंतर एक लिटर आणि ओआरएसची पुडी. कालव्याचं किंवा नदीचं पाणी पिऊ नका. दोन्हीत शेतातलं खत-औषध आणि गावाचं सांडपाणी मिसळतं. शिट्टी, सुट्टे शंभर-दोनशे रुपये, नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये. भडक रंगाचा शर्ट, उसातून दिसेल असा. फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. कानात काही घालू नका. ट्रॅक्टर, कुत्रा आणि पाण्याचा वाढलेला आवाज, तिन्ही आधी ऐकू येतात.

घरी सांगून जाताना ‘कॅनालला जातोय’ हे पुरत नाही. कोणत्या गावच्या पुलावरून सुरू, कोणत्या पुलावरून माघारी, किती वाजता परत, हे तिन्ही मेसेजमध्ये लिहा.

टप्पा ७: प्रत्यक्ष धाव

१. गाडी पुलावर किंवा कालव्याच्या वाटेच्या तोंडाशी लावू नका. उसाचा ट्रॅक्टर वळताना अडतो आणि भांडण तिथेच सुरू होतं. गावात देवळाजवळ किंवा हॉटेलसमोर लावा. रेल्वेने जाणाऱ्यांना मिरज मार्गावरची घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची ही स्टेशनं आणि लोंढा मार्गावरचं खानापूर उपयोगी पडतं. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहा.

२. पहिली दहा मिनिटं गावरस्त्यावर सावकाश. थंड पायांनी मुरमावर उतरू नका.

३. काठावर आल्यावर पाण्यापासून दोन हात अंतर ठेवा. अस्तराची कड आतून पोखरलेली असते, वरून कळत नाही. दोघं असाल तर शेजारी न धावता पुढेमागे, पाच-सहा पावलांच्या अंतराने.

४. ट्रॅक्टर आला की थांबा आणि शेताच्या बाजूला उतरा. पाण्याच्या बाजूला कधीही नाही. दुसरी ट्रॉली वळणावर आतल्या अंगाला सरकते आणि बाहेरच्या अंगाला ऊस झाडल्यासारखा फिरतो. पूर्ण गाडी गेल्यावर, धूळ बसल्यावर निघा.

५. कुत्रं आलं की धावणं थांबवा, चाला, पाठ दाखवू नका. जमिनीवरून दगड उचलल्यासारखं वाकलात तर बहुतेक मागे सरतात. तळाजवळ धनगराला लांबूनच ‘ओ पावणं, कुत्र्याला बोलवा’ अशी हाक द्या. तो हाक ऐकतोच.

६. प्रत्येक पुलावर एकदा घड्याळ आणि पाण्याची बाटली बघा. बाटली निम्म्यावर आली असेल तर वळा, वेळ शिल्लक असला तरी.

नेहमीच्या तीन चुका याच टप्प्यात होतात. फोटोसाठी जलसेतूच्या किंवा बंधाऱ्याच्या कडेला जाणं. गोकाक किंवा गोडचिनमलकीच्या धबधब्याजवळचे ओले खडक धावण्याच्या बुटांनी चढणं, ज्या बुटांना ओल्या दगडावर पकड नसते. आणि ‘पुढचा पूल जवळच असेल’ म्हणून न पाहिलेल्या तुकड्यात शिरणं.

टप्पा ८: बिघडलं तर

कालव्यात कुणी पडलं: मागोमाग उडी मारू नका. अस्तराचा उतार शेवाळाने इतका निसरडा असतो की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. टॉवेल, ओढणी, शर्टांची गाठ, मोटरचा रिकामा पाइप, जे हाताशी असेल ते टाका आणि पोटावर आडवे पडून ओढा. स्वतः पडलात तर प्रवाहाशी झुंजू नका. पाय पुढे करून तरंगा आणि टिपून ठेवलेल्या पायऱ्यांकडे तिरके सरका. पुढे दार किंवा नळाचं तोंड असेल तर त्याआधी बाहेर पडणं हेच एक काम. तिथे पाणी खाली ओढतं.

साप चावला: बसा, हालचाल थांबवा, अंगठी-कडं काढा, तो अवयव काठीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, चिरू नका, चोखू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुठला ते शोधत बसण्याची गरज नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि प्रतिविष मिळेल अशा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचा. देवळात किंवा मांत्रिकाकडे थांबण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

कुत्रं चावलं: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस. जखमेला हळद, चुना, तिखट काही लावू नका.

मधमाश्या उठल्या: तोंड झाकून सरळ रेषेत पळा, शक्यतो एखाद्या घरात शिरा. पाण्यात उडी घेऊ नका. माश्या वर घोंघावत राहतात आणि खाली पाणी असतं.

ऊन लागलं: घाम थांबणं, थंडी वाजल्यासारखं वाटणं, पाय अडखळणं ही खूण. सावलीला आडवं व्हा, मान, काखा आणि जांघा ओल्या करा. या कामाला कालव्याचं पाणी चालतं, बाटलीने काढून. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तोंडाने पाणी न पाजता थेट दवाखाना.

112 किंवा 108 ला फोन लावल्यावर आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगा, नंतर काय झालं ते. सीमेजवळ टॉवर कधी इकडचा, कधी तिकडचा लागतो, आणि एकाच नावाची गावं दोन्ही बाजूंना आहेत. भेटायची जागा म्हणून गावरस्त्याचा पूल सांगा, कालव्याच्या मधलं ठिकाण नव्हे. म्हणूनच टप्पा २ मध्ये गावरस्त्याचे पूल वेगळे लिहायला सांगितले.

टप्पा ९: परतल्यावर

मेंढरांच्या वाटेने गेला असाल तर गोचिडी बघा: गुडघ्यामागे, कमरेला, मोज्याच्या काठाला. काळा चिखल बुटावर वाळू देऊ नका, ओला असतानाच धुवा. उन्हात ठेवलेल्या बुटाचा तळ उचकटतो, सावलीत वाळवा.

त्याच दिवशी मार्गाच्या कागदावर बदल लिहा: कुठला पाइप नवा, कुठला फड तुटला, कुठे पाझर दिसला, तळ कुठे हलला. दोन महिन्यांनी त्याच वाटेवर जायचं असेल तर टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करा. पावसाळ्यानंतर जायचं असेल तर टप्पा २ पासून, कारण एका पुरात ओढ्याचं तोंड सरकतं आणि शेतातला जुना पूल राहिलेला असेलच असं नाही.